जुने हॉलिवूड भयपट जमवताना: नाव नंतर, आधी प्रिंट

काही वर्षांपूर्वी मी पन्नास भयपटांची एक पेटी विकत घेतली. डझनभर डीव्हीडी, चकचकीत वेष्टण, आणि किंमत दोन माणसांच्या हॉटेलातल्या जेवणाएवढी. त्यात १९३२चा ‘व्हाइट झोम्बी’ होता. हैतीमधला साखरेचा कारखाना, ‘ड्रॅक्युला’ गाजवणारा नट बेला लुगोसी त्याचा मालक, आणि चरक फिरवणारे कामगार सगळे मेलेले. त्यातला एक तोल जाऊन चरकात पडतो आणि बाकीचे फिरत राहतात, कोणी मानसुद्धा वळवत नाही. उसाच्या राज्यातल्या माणसाला हा प्रसंग जरा जास्तच लागायला हवा. मला तो लागला नाही, कारण तो मला दिसलाच नाही. पडद्यावर राखाडी पेज होती, तिच्यात ठिपके हलत होते, आणि आवाज असा की कोणी शेजारी पोहे भाजतंय. चित्रपट टुकार आहे असं ठरवून मी पेटी माळ्यावर टाकली.

पुढे कधीतरी त्याच चित्रपटाची स्वच्छ केलेली प्रत पाहायला मिळाली. त्या प्रसंगात जवळजवळ एकच आवाज आहे, लाकडी चरकाची करकर. पेटीतल्या प्रतीत ती खरखरीखाली गाडली गेली होती. म्हणजे मी ज्याला नावं ठेवली तो चित्रपट मी पाहिलेलाच नव्हता.

हे सगळं नव्याने या छंदात पडणाऱ्यांसाठी लिहितोय. या काळातल्या भयपटांची अर्धी भीती काळोखात असते. प्रिंटमधला काळा रंग उडाला की चित्रपटही गेला. म्हणून यादी करताना चित्रपटाच्या नावासमोर ‘कुठली प्रत’ हा रकाना पहिल्या दिवसापासून ठेवा.

पहिली पायरी: हद्द आखून घ्या

‘जुने भयपट’ म्हणत सुरुवात केलीत तर वर्षभरात शेल्फ भरेल आणि डोकं रिकामं राहील. मी १९३१ ते १९४६ एवढाच काळ धरतो. १९३१ साली युनिव्हर्सलने ‘ड्रॅक्युला’ आणि ‘फ्रँकेन्स्टाइन’ काढले, दोन्ही धो धो चालले, आणि बाकीचे स्टुडिओ धावत सुटले. त्या धावपळीत जे चित्रपट निघाले त्यांतला मोठा भाग आज फारसा कोणी पाहत नाही. आपलं काम तिथे आहे.

या पंधरा वर्षांचे दोन तुकडे पडतात. हॉलिवूडची नीतिनियमावली कागदावर १९३० पासून होती, पण जुलै १९३४ पासून चित्रपट तपासणाऱ्या जोसेफ ब्रीनच्या कार्यालयाने ती कडकपणे लागू केली. त्याआधीचे भयपट बिनधास्त आहेत: माणसाची कातडी सोलणं, सैतानाची पूजा, जनावरांची माणसं बनवणं, सगळं सूचक का होईना पण आहे. नंतरच्यांना हे चालणार नव्हतं, त्यामुळे ते सावलीत गेले. मला स्वतःला सावलीवाले जास्त आवडतात, पण नवख्याने आधी बिनधास्त बघावेत. लगेच पकड घेतात.

आणि राक्षसच प्रसिद्ध का झाले, बाकीचे मागे का पडले? त्याचं एक कारण दूरचित्रवाणी. १९५७ साली युनिव्हर्सलच्या ५२ जुन्या चित्रपटांचा गठ्ठाच ‘शॉक’ या नावाने अमेरिकेतल्या टीव्ही केंद्रांना विकला गेला, आणि एका अख्ख्या पिढीला ड्रॅक्युला, ममी, लांडगामाणूस घरबसल्या तोंडपाठ झाले.

दुसरी पायरी: आठवडाभर पाकीट बंद

सुरुवातीला काहीही विकत घेऊ नका. अमेरिकेत त्या काळी चित्रपटाचा कॉपीराइट आधी २८ वर्षांचा असे, मग अर्ज करून तो वाढवावा लागे. छोट्या कंपन्या बुडालेल्या, मालक गेलेले, अर्ज कोण करणार? असे चित्रपट सार्वजनिक झाले. ‘व्हाइट झोम्बी’, १९३३चा ‘द व्हॅम्पायर बॅट’, १९४०चा ‘द डेव्हिल बॅट’, १९४४चा ‘ब्लूबिअर्ड’ हे त्यातले, आणि इंटरनेट आर्काइव्हवर ते फुकट मिळतात.

आता गृहपाठ. ‘द व्हॅम्पायर बॅट’च्या तीन वेगवेगळ्या प्रती उघडा आणि प्रत्येकीची पहिली दहा मिनिटं बघा. चित्रपट तोच, नट तेच. यात फे रे आहे, ‘किंग काँग’मुळे जगभर पोचण्याच्या थोडं आधीची. कंपनी फाटकी होती, पण युनिव्हर्सलचे सेट रात्रीचे भाड्याने मिळाल्यामुळे सगळं महागडं दिसतं. एका प्रतीत फे रेला चेहरा आहे, दुसरीत नुसतं पीठ आहे. एका प्रतीत गावातली गल्ली दिसते, दुसरीत गल्लीऐवजी डांबर. याच चित्रपटात मशाली घेऊन धावणाऱ्या गावकऱ्यांचा प्रसंग आहे. मूळ प्रिंटमध्ये त्या मशालींच्या ज्वाळा हाताने रंगवलेल्या होत्या. अलीकडच्या पुनरुद्धारात त्या परत आणल्या आहेत. काळ्यापांढऱ्यात अचानक केशरी आग पेटते! स्वस्त प्रतींमध्ये ती आग राखाडीच.

एवढं केलंत की पुढची पायरी अर्धी समजली.

तिसरी पायरी: प्रिंट ओळखायला शिका

त्या काळची फिल्म नायट्रेटची. भडकन पेटणारी, आणि नीट ठेवली नाही तर आपोआप कुजणारी. बऱ्याच चित्रपटांची मूळ निगेटिव्ह उरलेली नाही. उरली आहे ती प्रतीची प्रत. झेरॉक्सची झेरॉक्स काढत गेलं की अक्षरांचं जे होतं तेच इथे होतं: आधी सावल्यांमधले बारकावे जातात, मग उजेडातले. शेवटी काळा आणि पांढरा एवढे दोनच रंग उरतात. हे ओळखायला एक सोपी खूण सांगतो. नटाचा काळा कोट बघा. कोटाची कॉलर आणि बटणं कापडापासून वेगळी दिसतात का? दिसली तर प्रत चांगली. कोट म्हणजे माणसाच्या आकाराचं एक भोक वाटलं, तर सोडून द्या.

दुसरी खूण दाण्याची. चित्रावर बारीक हलती रवाळी दिसते, ती फिल्मची स्वतःची आहे, बिघाड नाही. काही कंपन्या ‘साफसफाई’च्या नादात ती पुसून काढतात आणि नटांचे चेहरे मेणासारखे गुळगुळीत होतात. मेणाच्या पुतळ्यांवरच्या चित्रपटात ते खपेल, इतरत्र नाही. आणि रंग भरलेल्या आवृत्त्या? घरात आणूच नका.

तिसरी खूण घड्याळ, आणि ही सर्वांत कामाची. नीतिनियमावली कडकपणे लागू झाल्यावर जुने चित्रपट पुन्हा प्रदर्शित करताना कापले गेले. ‘फ्रँकेन्स्टाइन’मध्ये राक्षस लहान मुलीला तळ्यात टाकतो तो तुकडा कित्येक दशकं गायब होता, आणि तो १९८०च्या दशकात परत जोडला गेला. रूबेन मामूलियनच्या १९३१च्या ‘डॉ. जेकिल अँड मिस्टर हाइड’चंही असंच. मूळ लांबी साधारण ९८ मिनिटं, पण पुनःप्रदर्शनात त्यातला बराच भाग उडाला. वर एमजीएम स्टुडिओने १९४१ साली स्वतःचा ‘जेकिल’ काढायचा म्हणून या जुन्याचे हक्क विकत घेऊन तो दडवूनच ठेवला. फ्रेडरिक मार्चला याच भूमिकेसाठी ऑस्कर मिळालं होतं, तरी! त्यात न कापता, डोळ्यांदेखत चेहरा बदलतो, ती युक्ती मेकअपची आणि फिल्टरची होती. चेहऱ्यावर रंगीत मेकअप, लेन्सपुढे त्याच रंगाचा फिल्टर, म्हणजे काळ्यापांढऱ्या फिल्मवर तो दिसत नाही. फिल्टर सरकवला की सुरकुत्या आणि सावल्या वर येतात. धुरकट प्रतीत हे बघून काय मिळणार?

म्हणून प्रत्येक चित्रपटाची मूळ लांबी लिहून ठेवा आणि डिस्कवरच्या लांबीशी ताडून बघा. पण एक फसगत टाळा. युरोपातल्या, आणि आपल्याकडच्याही, डीव्हीडी ‘पाल’ (PAL) नावाच्या टीव्ही-पद्धतीच्या असतात. तिथे सेकंदाला २४ ऐवजी २५ चौकटी धावतात, म्हणजे चित्रपट चार टक्के लवकर संपतो. ७३ मिनिटांचा ‘कॅट पीपल’ ७० मिनिटांत उरकतो. काही कापलेलं नसतं, आवाज मात्र किंचित चिरका होतो. सुरुवातीला मी अशाच एका डिस्कबद्दल विक्रेत्याशी हुज्जत घातली होती आणि नंतर गुपचूप माफी मागितली.

टॉड ब्राउनिंगच्या १९३२च्या ‘फ्रीक्स’बद्दल मात्र माफी मागायची गरज नाही. तो दीड तासाचा होता, स्टुडिओने घाबरून तो साधारण ६४ मिनिटांवर आणला, आणि कापलेला भाग आजवर मिळालेला नाही. ‘संपूर्ण आवृत्ती’ असं कोणी म्हणालं तर हसून पुढे जा.

आता दोन सुखद गोष्टी, कारण शोधणाऱ्यांनीच हे चित्रपट वाचवले आहेत. ‘फ्रँकेन्स्टाइन’चा दिग्दर्शक जेम्स व्हेल याचा १९३२चा ‘द ओल्ड डार्क हाउस’ हरवला असंच सगळे धरून चालले होते. व्हेलच्या ओळखीतला कर्टिस हॅरिंग्टन नावाचा तरुण दिग्दर्शक युनिव्हर्सलच्या मागे लागला, तळघरं धुंडाळायला लावली, आणि १९६८ साली निगेटिव्ह सापडली. दुसरी गोष्ट मायकेल कर्टिझच्या १९३३च्या ‘मिस्टरी ऑफ द वॅक्स म्युझियम’ची. तो दोन रंगांच्या टेक्निकलरमध्ये काढलेला आहे: कॅमेरा फक्त लाल आणि हिरवा टिपायचा, त्यामुळे कातडी गुलाबी, सावल्या शेवाळी, आणि खरा निळा कुठेच नाही. या चित्रपटाला तो रंग इतका शोभतो की तीन रंग असते तर बिघडलं असतं. हाही हरवला होता. १९७०च्या सुमारास एक रंगीत प्रिंट सापडली ती खुद्द जॅक वॉर्नरच्या खासगी संग्रहात. मालकाच्याच घरात! आता तो आणि त्याचा भाऊ शोभेलसा ‘डॉक्टर एक्स’ (१९३२) दोन्ही ब्लू-रेवर उत्तम मिळतात.

चौथी पायरी: पहिलं शेल्फ

दहा-बारा चित्रपट पुरेत. मी सांगतोय तो क्रम बघण्याचाही आहे.

आरंभ ‘द ओल्ड डार्क हाउस’ने करा. वेल्समधली वादळी रात्र, अडकलेले प्रवासी, आणि एक विक्षिप्त घर. अर्नेस्ट थेसिगर नावाचा काटकुळा नट पाहुण्यांना “बटाटा घ्या” एवढंच म्हणतो आणि अंगावर काटाही येतो, हसूही येतं. वरच्या मजल्यावरचे १०२ वर्षांचे आजोबा नीट बघा, ती भूमिका एका बाईने केली आहे. आणि यातली सोनेरी केसांची ग्लोरिया स्टुअर्ट म्हणजे १९९७च्या ‘टायटॅनिक’मधली म्हातारी रोझ.

मग ‘द ब्लॅक कॅट’ (१९३४). बोरिस कार्लॉफ (‘फ्रँकेन्स्टाइन’मधला राक्षस) आणि लुगोसी पहिल्यांदा एकत्र, ६५ मिनिटं, आणि जाळीजळमटांचा किल्ला नाहीच. हंगेरीत पहिल्या महायुद्धातल्या हजारो मृतांच्या जागेवर बांधलेलं काचेचं, लख्ख, आधुनिक घर. तळघरात काचेच्या पेट्यांत उभ्या केलेल्या बायका. दिग्दर्शक एडगर उल्मर तेव्हा तिशीचाही नव्हता. चित्रपट चालला, पण उल्मरचं सूत जुळलं ते स्टुडिओचे मालक कार्ल लेमली यांच्या भाच्याच्या बायकोशी. लग्न झालं, संसार आयुष्यभर टिकला, पण मोठ्या स्टुडिओंची दारं बंद झाली. पुढे तो पीआरसीसारख्या कंगाल कंपनीत चार-सहा दिवसांत चित्रपट उरकू लागला. दुसऱ्या पायरीत सांगितलेला ‘ब्लूबिअर्ड’ त्याचाच. दोन्ही लागोपाठ बघा. पैसा आटला तरी नजर कशी शाबूत राहते ते दिसतं.

‘आयलंड ऑफ लॉस्ट सोल्स’ (१९३२) हा माझ्या मते या काळातला सर्वांत घाणेरड्या मनाचा चित्रपट, आणि हे मी कौतुकाने म्हणतोय. जनावरांना फाडून माणसं घडवणारा डॉक्टर चार्ल्स लॉटनने इतक्या गुळमुळीत, लाडीक हसत केला आहे की नुसत्या किंकाळ्या परवडल्या. ब्रिटनमध्ये त्यावर १९५८ पर्यंत बंदी होती. मुलांना दाखवू नका.

‘मॅड लव्ह’ (१९३५) पीटर लॉरीसाठी. अमेरिकेतला त्याचा पहिलाच चित्रपट, डोकं तुळतुळीत, डोळे उकडलेल्या अंड्यासारखे. दिग्दर्शक कार्ल फ्रॉइंड मुळात कॅमेरामन. ‘ड्रॅक्युला’चं छायाचित्रण त्याचं. यानंतर त्याने दिग्दर्शन केलंच नाही. पुढे अमेरिकेतल्या ‘आय लव्ह लूसी’ या विनोदी टीव्ही मालिकेचा कॅमेरा सांभाळला. माणसाचं आयुष्य कुठून कुठे जातं.

आणि आता ज्यांच्यासाठी मी हा सगळा खटाटोप करतो ते व्हॅल लूटनचे चित्रपट. १९४२ साली आरकेओ स्टुडिओ कर्जात बुडालेला. लूटनला निर्माता केलं आणि तीन अटी घातल्या: खर्च दीड लाख डॉलरच्या आत, लांबी ७५ मिनिटांच्या आत, आणि नाव स्टुडिओ देणार. पहिलं नाव हातात पडलं ‘कॅट पीपल’. दुसरा कोणी असता तर नटीला मांजराचे कान लावून मोकळा झाला असता. लूटन, दिग्दर्शक झाक टुर्नर आणि कॅमेरामन निकोलस मुसुराका यांनी मांजर जवळजवळ दाखवलंच नाही. रात्रीचा रस्ता, दिव्यांच्या खांबांखालचे उजेडाचे डाग, टाचांचा आवाज, मागून येणाऱ्या दुसऱ्या टाचांचा आवाज, तो अचानक थांबतो. पुढे काय होतं ते सांगणार नाही, एवढंच की त्यात एक बस आहे आणि ती युक्ती भयपटवाले आजही वापरतात. एक मोठा जिना दिसेल, तो ऑर्सन वेल्सच्या ‘द मॅग्निफिसंट अँबरसन्स’साठी बांधलेला. स्टुडिओत उभा होता, वापरला.

अशा नऊ भयपटांची मालिका १९४६ पर्यंत चालली. ‘आय वॉक्ड विथ अ झोम्बी’ (१९४३) या बाजारू नावाआड ‘जेन एअर’ या इंग्रजी कादंबरीची गोष्ट आहे, कॅरिबियन बेटावर नेलेली. गुलामगिरीच्या जखमेकडे तो चित्रपट गांभीर्याने बघतो, त्या काळात हे दुर्मीळ. उसाच्या शेतातून रात्री दोघी चालत जातात तो तुकडा मी किती वेळा पाहिलाय ते घरच्यांना विचारू नका. ‘द सेव्हन्थ व्हिक्टिम’ (१९४३) न्यूयॉर्कमधल्या सैतानपूजकांचा, पण खरा विषय एकटेपणा. त्याचा शेवट त्या काळी कसा सुटला देव जाणे. ‘आइल ऑफ द डेड’ (१९४५) साथीच्या भीतीने बेटावर कोंडलेल्या माणसांचा. २०२० अनुभवलेल्या कोणालाही तो आपला वाटेल. ‘द बॉडी स्नॅचर’मध्ये (१९४५) कार्लॉफ प्रेतं पुरवणारा टांगेवाला झालाय, आणि त्याचं हे काम मला त्याच्या राक्षसापेक्षा मोठं वाटतं. ‘द घोस्ट शिप’वर (१९४३) वाङ्मयचौर्याचा दावा झाला आणि तो जवळपास पन्नास वर्षं कोणाला दिसला नाही. लूटन १९५१ साली, वयाच्या ४६ व्या वर्षी गेला. हे नऊच्या नऊ २००५ साली एका डीव्हीडी संचात निघाले होते. जुन्या बाजारात तो संच दिसला तर फार विचार करू नका.

शेवटची जोडी फॉक्स स्टुडिओची, दोन्हींचा दिग्दर्शक जॉन ब्राम आणि नट लेअर्ड क्रेगर: ‘द लॉजर’ (१९४४) आणि ‘हँगओव्हर स्क्वेअर’ (१९४५). क्रेगर धिप्पाड होता. आपल्याला खलनायकच करत ठेवतील या धास्तीने त्याने उपासमार करून वजन उतरवलं, आणि दुसरा चित्रपट लोकांसमोर यायच्या आत, ३१ व्या वर्षी हृदयविकाराने गेला. दुसऱ्याला संगीत बर्नार्ड हर्मनचं आहे. शेवटचा पियानो कॉन्चेर्टो ऐकताना आवाज कमी करू नका.

‘द लॉजर’ची नायिका मर्ल ओबेरॉन. ती १९११ साली मुंबईत जन्मली. हॉलिवूडमध्ये हे जन्मभर लपवलं गेलं, टास्मानियात जन्मल्याची गोष्ट रचली गेली. १९३७च्या मोटार अपघातात तिच्या चेहऱ्यावर व्रण राहिले होते. या चित्रपटाचा कॅमेरामन लुसियन बॅलार्डने कॅमेऱ्याला चिकटून एक छोटा दिवा लावला, समोरून पडणाऱ्या प्रकाशात व्रण विरून जात. त्या दिव्याचं नावच ‘ओबी’ पडलं, आणि १९४५ साली दोघांनी लग्न केलं. तिचे क्लोजअप बघताना तिच्या डोळ्यांतला तो छोटा ठिपका शोधा. अर्थात, प्रिंट चांगली असेल तर.

पाचवी पायरी: डिस्क मागवताना

इथे रुक्ष भाग. डिस्क आणि प्लेअर दोन्हींवर जगाच्या भागानुसार ‘रीजन’चा आकडा किंवा अक्षर असतं, ते जुळावं लागतं. डीव्हीडीला भारताचा रीजन ५, अमेरिकेचा १, ब्रिटनचा २. ब्लू-रेला भारत सी, अमेरिका ए, ब्रिटन बी. इथे घेतलेल्या साध्या प्लेअरवर अमेरिकन ब्लू-रे बहुधा चालणार नाही. मल्टिरीजन प्लेअर एकदाच घ्या, किंवा फोरके अल्ट्रा एचडी डिस्क घ्या, त्यांना रीजनची भानगड नसते (प्लेअर मात्र त्या जातीचा लागतो). बरेच नवे संच ब्रिटिश किंवा अमेरिकन असतात, म्हणून मागवण्याआधी विक्रेत्याच्या पानावर रीजनचं अक्षर वाचा. परदेशातून पार्सल आलं तर कस्टम लागू शकतं, तो खर्च आधीच धरा. परदेशातला भाऊ किंवा मैत्रीण येणार असेल तर काम सोपं, पण एका खेपेला चार डिस्कच्या वर सांगू नका, नाती टिकवायची असतात.

सबटायटल्स आहेत का ते बघाच. ‘द बॉडी स्नॅचर’मधलं एडिंबरा किंवा व्हेलच्या नटांचं झरझर ब्रिटिश इंग्रजी आपल्या कानाला जड जातं. मागणीनुसार एकेक करून ‘बर्न’ करून दिलेल्या डीव्हीडी-आर प्रतींवर सबटायटल्स सहसा नसतात, आणि त्या टिकायलाही कारखान्यात छापलेल्या डिस्कपेक्षा नाजूक. वॉर्नर आर्काइव्हने २००९ पासून असे अनेक दुर्मीळ चित्रपट डीव्हीडी-आरवर दिले. एखादा चित्रपट फक्त तसाच मिळत असेल तर जरूर घ्या, पण त्याचीच छापील ब्लू-रे निघाली असेल तर तीच.

क्रायटेरियन, किनो लॉर्बर, स्क्रीम फॅक्टरी, वॉर्नर आर्काइव्ह, ब्रिटनमध्ये युरेका: डिस्क काढणाऱ्या या कंपन्यांची नावं दिसली की निम्मी काळजी मिटते. स्क्रीम फॅक्टरीच्या युनिव्हर्सल संचांपैकी पहिल्यात ‘द ब्लॅक कॅट’ आहे, शिवाय कार्लॉफ-लुगोसीचे आणखी तीन. युरेकाकडे लेखक एडगर ॲलन पोच्या कथांवरच्या लुगोसीच्या तीन चित्रपटांच्या संचात तोच मिळतो. दोन्ही घेऊ नका, मी घेतले.

सहावी पायरी: टीव्हीला शिस्त लावा

दुकानातून आलेला टीव्ही भडक असतो. पिक्चर मोडमध्ये ‘फिल्ममेकर’ किंवा ‘सिनेमा’ निवडा. हालचाल गुळगुळीत करणारी जी काही सोय असेल (प्रत्येक कंपनी तिला वेगळं नाव देते) ती बंद करा, नाहीतर कार्लॉफ दुपारच्या मालिकेतल्यासारखा चालतो.

यांतले बहुतेक चित्रपट १.३७ : १ या जवळजवळ चौकोनी आकारात आहेत, म्हणजे डावी-उजवीकडे काळ्या पट्ट्या राहणारच. त्या घालवायला कोणी झूम केलं की डोकी कापली जातात, ताणलं की नट जाडे होतात. आमच्याकडे पाहुण्यांच्या हातात रिमोट जात नाही.

खोलीत पूर्ण अंधार हवा. मग ‘कॅट पीपल’मधला पोहण्याच्या तलावाचा प्रसंग लावा: पाण्याचं हलतं प्रतिबिंब छतावर नाचतं आणि कोपऱ्यांत काळोख असतो. ब्राइटनेस इतका कमी करा की कोपरे काळे होतील, मग दोन-तीन घर वर आणा, भिंतीचा पोत जेमतेम दिसू लागेल तिथे थांबा. यापुढे हात लावायचा नाही.

आवाज मोनो आहे, साउंडबारचा ‘सराउंड’ बंद ठेवा. १९३१-३२च्या काही चित्रपटांत पार्श्वसंगीत जवळपास नसतंच. ‘ड्रॅक्युला’मध्ये श्रेयनामावलीला ‘स्वान लेक’चा तुकडा वाजतो आणि मग जवळजवळ शांतता. वायर निसटलेली नाही.

सातवी पायरी: ठेवणं आणि लिहिणं

डिस्क उभ्या ठेवा, उन्हापासून दूर. मुंबई-कोकण-गोव्याच्या पावसात पुठ्ठ्याची वेष्टणं बुरसतात. शेल्फमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि दर पावसाळ्याआधी बदला. डांबरगोळ्या नकोत. डिस्क पुसताना मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ, गोल गोल नाही.

वहीत एका ओळीत: नाव, वर्ष, मूळ लांबी, डिस्कची लांबी, रीजन, सबटायटल्स, प्रिंट कशी. शेवटच्या रकान्यात मी ‘कोट दिसतो’ किंवा ‘कोट दिसत नाही’ एवढंच लिहितो.

आठवी पायरी: पहिली रात्र

चार मित्र, एकच चित्रपट, फार तर दीड. हे चित्रपट तासा-सव्वातासाचे असल्यामुळे तीन सहज बसतील असं वाटतं. तिसऱ्याला सगळे घोरतात. जेवण आधी, चहा मध्ये. ‘हा जुना आहे, सांभाळून घ्या’ असली प्रस्तावना करू नका, लोक सांभाळून घ्यायला लागतात. फोन दुसऱ्या खोलीत, पंखा कमी वेगावर, कारण लूटनच्या चित्रपटांत शांतता हीच वस्तू आहे आणि पंख्याची घरघर ती खाऊन टाकते.

‘कॅट पीपल’ लावा. टाचांचा आवाज सुरू झाला की पडद्याकडे बघू नका, ते तुम्ही आधीच पाहिलेलं असेल. बस येते तेव्हा मित्रांकडे बघा.